कमी रुग्ण, जास्त मृत्यू: अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांतला कर्करोग

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या कर्करोग नोंदणी केंद्राचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला, की सोलापूर आणि पुण्याहून आम्हाला काळजीचे फोन येऊ लागतात. गेली काही वर्षे या अहवालातली एक ओळ फारशी बदललेली नाही. कर्करोगाच्या नव्या रुग्णांच्या दरात आमचे राज्य देशात दुसरे आहे, पहिला क्रमांक केंटकीचा आहे, आणि ज्या मोजक्या राज्यांत हा दर अजून वाढतो आहे त्यांतही आयोवाची गणना होते. मामांचा प्रश्न ठरलेला असतो: "मोकळ्या हवेत, मक्याच्या शेतांत राहता तुम्ही, मग तिथे कॅन्सर कुठून आला?" शेतीशास्त्र शिकलेल्या धाकट्या मावसभावाचे म्हणणे बरोबर उलट असते. इतकी फवारणी आणि इतके खत असल्यावर दुसरे काय होणार, असे तो विचारतो. खेड्याच्या हवेला श्रेय किंवा खेड्याच्या पाण्याला दोष देण्यापूर्वी हे आकडे कसे तयार होतात आणि ते नेमके काय मोजतात हे पाहायला हवे, असे मला इथे राहून वाटू लागले आहे. त्यासाठीच हा लेख.

अमेरिकेत आरोग्याचे बहुतेक आकडे काउंटीनिहाय मिळतात. देशभरात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, त्यांपैकी ९९ एकट्या आयोवात आहेत. काउंटीला जिल्हा म्हणण्याची सवय आपल्याला लागते, परंतु लोकसंख्येच्या दृष्टीने ते फसवे आहे. २०२०च्या जनगणनेनुसार डी मॉइन शहर ज्या पोक काउंटीत येते तिथे ४,९२,४०१ माणसे राहत होती, तर नैऋत्येकडच्या ॲडम्स काउंटीत अवघी ३,७०४. आपल्याकडची एखादी मोठी ग्रामपंचायतसुद्धा याहून भरलेली असते. अमेरिकेचे कृषी खाते प्रत्येक काउंटीला १ ते ९ असा क्रमांक देते. त्यांतले १ ते ३ महानगरी आणि ४ ते ९ महानगराबाहेरचे समजले जातात. कर्करोगाच्या ग्रामीण-शहरी तुलनांमागे बहुधा हीच किंवा अशीच एखादी विभागणी असते.

सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेने २०१७च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातले दोन आकडे मला या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली वाटतात. २००९ ते २०१३ या काळात अगदी ग्रामीण काउंट्यांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४४२ नवे रुग्ण नोंदवले गेले, तर महानगरी काउंट्यांत ४५७. म्हणजे खेड्यात कर्करोग थोडा कमीच दिसतो, आणि मामांचे म्हणणे वरकरणी खरे ठरते. २०११ ते २०१५ मधल्या मृत्यूंकडे वळले, की चित्र पालटते, कारण ग्रामीण भागात दर लाखामागे १८० मृत्यू आहेत आणि महानगरांत १५८. शिवाय मृत्यूदर दोन्हीकडे उतरत असला, तरी शहरांत तो वर्षाला सरासरी १.६ टक्क्यांनी उतरत होता आणि खेड्यांत केवळ १ टक्क्याने, म्हणजे अंतर वर्षागणिक रुंदावत चालले होते. हे सर्व दर वयाचा परिणाम वजा करून काढलेले असतात. २००० सालच्या अमेरिकी लोकसंख्येची वयोरचना प्रमाण धरून प्रत्येक ठिकाणचा दर पुन्हा मांडला जातो, त्यामुळे तरुण मुले शहरांकडे निघून गेलेल्या आणि मागे म्हाताऱ्यांची वस्ती उरलेल्या काउंट्यांत मृत्यू जास्त असणारच, हे सोपे उत्तर इथे चालत नाही.

कमी लोकांना रोग होतो आणि तरीही जास्त लोक मरतात, हे कसे? एकूण दराची बेरीज सोडून एकेका अवयवाचा कर्करोग वेगळा पाहिला, की याचा उलगडा होऊ लागतो. फुप्फुसाचा, मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ग्रामीण काउंट्यांत जास्त आढळतो, तर स्तनांचा आणि प्रोस्टेटचा महानगरी काउंट्यांत. पहिल्या गटातल्या रोगांमागे तंबाखू, एचपीव्ही विषाणू आणि वेळेवर न झालेल्या तपासण्या आहेत. गर्भाशयमुखाच्या आणि आतड्याच्या तपासणीचे वैशिष्ट्य असे, की तीत कर्करोग होण्याआधीचा बदल सापडतो आणि तो काढून टाकता येतो, म्हणून जिथे या तपासण्या नियमित होतात तिथे रुग्णांची संख्याच घटते. दुसऱ्या गटात हिशेब उलटा आहे, कारण मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) किंवा प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी जिथे जास्त होते तिथे रोग सापडण्याचे प्रमाण वाढते, आणि सापडलेल्यांतले काही असे असतात की त्यांनी त्या माणसाला आयुष्यभर कधीच त्रास दिला नसता. तपासणी एका रोगाचा आकडा खाली आणते आणि दुसऱ्याचा वर नेते. अशा दोन प्रकारच्या आकड्यांची बेरीज करून खेडे निरोगी की शहर, हे ठरवता येत नाही.

शहरी बाजूचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलापलीकडच्या या अतिश्रीमंत काउंटीत १९९०च्या दशकात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतके वाढले, की तिथल्या स्त्रियांनी पाण्यात, मातीत, हवेत विष शोधण्यासाठी चळवळ उभी केली. उशिरा झालेली किंवा न झालेली बाळंतपणे, नियमित मॅमोग्राम आणि रजोनिवृत्तीनंतर सर्रास घेतली जाणारी हार्मोनची औषधे ही त्या वस्तीची वैशिष्ट्ये होती. जुलै २००२मध्ये या औषधांनी स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे एका मोठ्या चाचणीत दिसून आले, देशभर स्त्रियांनी ती औषधे सोडली, आणि त्यानंतर मरीनमधला दर झपाट्याने खाली आला.

ग्रामीण बाजूला तंबाखू सर्वांत वर आहे. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ काउंट्यांत कोळशाच्या खाणी आणि राज्यभर तंबाखूची शेती, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी करणारा राज्यव्यापी कायदा त्या राज्यात आजही नाही. आयोवात तो २००८ साली झाला. आज नोंदला जाणारा फुप्फुसाचा कर्करोग वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सिगारेटींचा असतो, म्हणून कायद्याचा परिणाम आकड्यांत उतरायला एक पिढी जावी लागते.

आयोवात तंबाखूच्या जोडीला रेडॉन आहे, आणि याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण भारतातल्या वाचकांना हा शब्द बहुधा फक्त रसायनशास्त्राच्या पुस्तकातून माहीत असतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या प्रदेशावर जी माती आणून पसरली तिच्यात युरेनियमचा अंश आहे. त्याच्या ऱ्हासातून रेडॉन हा वायू तयार होतो, जमिनीतून वर येतो आणि घराच्या पायातल्या भेगांतून बेसमेंटमध्ये शिरतो. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. घरातला रेडॉन एवढा असू शकतो हे अमेरिकेच्या लक्षात आले तेच मुळी विचित्र रीतीने. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते किरणोत्सर्ग ओळखणाऱ्या दरवाजातून जाऊ लागले, की भोंगा वाजे, आणि शोध घेता घेता असे निष्पन्न झाले, की किरणोत्सर्ग ते अणुकेंद्रातून घरी नेत नव्हते, तर घरून अणुकेंद्रात आणत होते. केंद्रीय पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या सुमारे २१,००० मृत्यूंमागे रेडॉन आहे, आणि आयोवातल्या सर्वच्या सर्व ९९ काउंट्या त्या खात्याच्या नकाशावर सर्वाधिक धोक्याच्या गटात रंगवलेल्या आहेत.

घर घेताना इथे रेडॉनची चाचणी करून घेतात. खिडक्या-दारे बंद ठेवून बेसमेंटमध्ये कोळशाची एक छोटी डबी दोन-चार दिवस ठेवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची, एवढाच तो प्रकार. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) किंवा अधिक रेडॉन सापडला, तर उपाय करावा असा सल्ला आहे. आमच्या घराचा आकडा त्याहून बराच वर आला, म्हणून बेसमेंटची फरशी फोडून खालच्या खडीत एक पांढरा पाइप घातला आहे. तो भिंतीलगत वर चढून छपराबाहेर निघतो आणि वाटेत बसवलेला पंखा जमिनीतली हवा चोवीस तास ओढून बाहेर टाकत राहतो. पाइपवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचनळी असून तीत लाल द्रव आहे. दोन्ही बाजूंची पातळी वरखाली असेल तर पंखा ओढतो आहे, आणि सारखी झाली तर तो बंद पडला, असे समजायचे. या कामाला हजार-दोन हजार डॉलर लागतात. नोकरदार कुटुंबाला घराच्या किमतीत हा खर्च खपून जातो, पण ज्या जुन्या फार्महाउसची विक्री तीन पिढ्यांत झालीच नाही तिथे चाचणी करण्याचा प्रसंगही येत नाही. त्यात घरात कोणी सिगारेट ओढणारे असेल, तर रेडॉन आणि धूर मिळून धोका कितीतरी वाढतो.

आता मावसभावाच्या फवारणीकडे. या प्रश्नाचा शोध घेण्यासाठीच १९९३ साली आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत कीटकनाशके हाताळण्याचा परवाना असलेले शेतकरी व फवारणी करणारे, आणि त्यांच्या पती-पत्नी, अशा सुमारे ८९,००० लोकांचा पाठपुरावा सुरू झाला, तो अजून चालू आहे. त्याचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना अर्धवट समाधान देणारे आहेत. शेतकऱ्यांत एकूण कर्करोग सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी आढळला, कारण ते सिगारेट कमी ओढतात आणि अंगमेहनत करतात, परंतु प्रोस्टेटचा, ओठाचा आणि रक्ताचे काही कर्करोग त्यांच्यात जास्त आढळले. पाण्यातल्या नायट्रेटचे प्रकरण अजून खदखदते आहे. मक्याला दिलेले नत्रखत आणि डुकरांच्या शेणखताचे पाणी नद्यांत उतरते, आणि २०२५च्या जूनमध्ये डी मॉइन परिसरातल्या नागरिकांना हिरवळीला पाणी घालण्याची बंदी झाली, कारण नायट्रेट काढून पाणी पुरवण्याची यंत्रणा कमाल क्षमतेपर्यंत पोहोचली होती. लिटरमागे १० मिलिग्रॅम ही कायदेशीर मर्यादा तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या विकारावरून ठरवलेली आहे, कर्करोगावरून नव्हे, आणि त्याहून कमी प्रमाणातही दीर्घकाळ प्यायलेल्या पाण्याचा काय परिणाम होतो यावर संशोधकांत वाद चालू आहे. खासगी विहिरींना तर हा केंद्रीय कायदा लागूच होत नाही, त्यामुळे शेतावर राहणाऱ्याने आपले पाणी आपणच तपासून घ्यायचे असते. नोंदणी केंद्राने मात्र २०२४च्या अहवालात भर दिला तो दारूवर, आणि त्यावरून शेतकरी वस्तीत जेवढी अस्वस्थता पसरली तेवढी फवारणीच्या चर्चेने पसरत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

काउंटीच्या आकड्यात आणखी एक अडचण आहे, ती निव्वळ गणिताची. ॲडम्ससारख्या काउंटीत एखाद्या वर्षी तीन रुग्ण जास्त निघाले, तर दर लाखामागे सुमारे ८० ने उसळी मारतो, आणि पोक काउंटीत तेच तीन रुग्ण वाढले तर एकानेही नाही. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४ माणसे होती. तिथे एकाला कर्करोग झाला तर दर लाखामागे दीड हजारांच्या वर, कोणालाच झाला नाही तर शून्य. म्हणूनच सर्वाधिक कर्करोगाच्या काउंट्यांची यादी काढली तर तीत छोट्या ग्रामीण काउंट्या दिसतात, आणि सर्वांत कमी कर्करोगाच्या काउंट्यांची काढली तर तीतही त्याच धर्तीच्या छोट्या ग्रामीण काउंट्या दिसतात. वृत्तवाहिन्या पहिली यादी दाखवतात, दुसरी दाखवत नाहीत. नोंदणी यंत्रणा या अडचणीवर पाच वर्षांची सरासरी काढून उपाय करते, आणि सोळांपेक्षा कमी नोंदी असतील तर आकडा झाकून ठेवते. एवढ्या छोट्या वस्तीत आकड्यावरून माणूसही ओळखू येऊ शकतो, हे त्याचे दुसरे कारण आहे.

शिवाय नोंद होते ती निदानाच्या वेळच्या पत्त्यावर. साठ वर्षे शेतात काढून उतारवयात मुलीजवळ डी मॉइनला राहायला आलेली बाई पोक काउंटीच्या खात्यात जाते, आणि शहरात निवृत्त होऊन तळ्याकाठी छोटे घर बांधणारा प्राध्यापक ग्रामीण काउंटीच्या. नोंदणीचा दर्जा मात्र वाखाणण्यासारखा आहे. आयोवा १९७३पासून राष्ट्रीय कर्करोग नोंदणीत सहभागी आहे, आणि रुग्ण मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकला गेला किंवा नेब्रास्कातल्या ओमाहाला, तरी राज्ये आपसांत नोंदींची देवाणघेवाण करतात. त्यामुळे ग्रामीण दर कमी दिसतो तो नोंदणीच्या गबाळेपणामुळे, असे इथे म्हणता येत नाही.

मृत्यूंचे अंतर उरते, आणि ते मला आमच्या गावात रोज दिसते. गावचे रुग्णालय कायद्याने पंचवीस खाटांपर्यंतच ठेवता येते, अशा वर्गातले आहे, आणि कर्करोगतज्ज्ञ ठरलेल्या वारी मोठ्या शहरातून येतात. केमोथेरपीचे काही डोस इथे मिळतात, पण रेडिएशनचे यंत्र नाही. स्तनांची गाठ तेवढी काढून स्तन वाचवायचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर सोमवार ते शुक्रवार असे काही आठवडे रेडिएशन घ्यावे लागते, आणि जाऊन-येऊन अडीच-तीन तास गाडी चालवणे जिला शक्य नसते ती संपूर्ण स्तन काढून टाकण्याचा निर्णय घेते. अंतर वाढते तसे अशा शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढते, हे अभ्यासांतही आढळले आहे. राष्ट्रीय मान्यता असलेले सर्वांगीण कर्करोग केंद्र संपूर्ण राज्यात एकच आहे, आयोवा सिटीतल्या विद्यापीठाचे. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला की तो दिवस बुडाला.

आमच्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये शौचातून रक्त जाऊ लागले. सोयाबीन आणि मका निघेपर्यंत त्यांनी ते बायकोलाही सांगितले नाही, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंबाइनवर बसायला दुसरे कोणी नव्हते, आणि स्वतः विकत घेतलेल्या विम्यात पहिले कित्येक हजार डॉलर खिशातूनच भरायचे होते. नोव्हेंबरात कोलोनोस्कोपी झाली तेव्हा रोग यकृतात पोहोचला होता. दर लाखामागच्या ४४२ मध्ये त्यांची नोंद शहरातल्या कोणाही रुग्णासारखी एकच झाली असणार. फरक पडला तो पुढच्या, १८० च्या रकान्यात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मृत्यूंचे तीन दाट पट्टे अमेरिकेच्या नकाशावर दाखवले जातात, ते म्हणजे मिसिसिपी नदीचा खालचा खोरेप्रदेश, ॲपलेशियाचा मध्य-पश्चिम भाग, आणि व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनाची पूर्व बाजू. तिन्ही मुख्यतः गरीब आणि ग्रामीण आहेत.

हे सारे वाचताना मला राहून राहून बार्शी आठवते. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात सुरू झाली, आणि तीत बार्शीबरोबर परांडा व भूम हे तालुके घेतले गेले. मुंबईत नोंदणी १९६३पासून होती, पण तिथली पद्धत रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालणारी होती आणि खेड्यात कागदच नव्हते, त्यामुळे बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना भेटत, लक्षणे सांगत, संशय वाटेल त्याला रुग्णालयात यायला राजी करत. या फिरतीचा परिणाम असा झाला, की पुढच्या वर्षांत रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागले. २०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद-बीड भागाचा दर पुरुषांत लाखामागे ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ आहे, देशातल्या सर्व नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी. हे आकडे निराळ्या प्रमाण-लोकसंख्येवर काढलेले असल्याने आयोवाच्या आकड्यांशेजारी सरळ ठेवता येत नाहीत. मात्र रोगांची वाटणी ओळखीची आहे, कारण मुंबईत स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग पुढे राहिला, तर बार्शीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा.

त्याच भागात टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी बार्शीच्या रुग्णालयासह ऑक्टोबर १९९९मध्ये एक चाचणी सुरू केली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत होत्या. काही गावांत एचपीव्हीची एकच तपासणी झाली, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली गेली. २००९ साली निष्कर्ष आले तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. आयुष्यात एकदाच झालेली एक तपासणीही मृत्यू निम्म्याच्या आसपास आणू शकते, हे मात्र त्या गावांनी जगाला दाखवले. मे २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रीने दवाखान्यात स्वतःच नमुना घेऊन करायच्या एचपीव्ही तपासणीला मान्यता दिली, आणि वर्षभराने घरी नमुना घेण्याच्या संचालाही. ज्या काउंट्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत तिथल्या परिचारिकांना आता टेबल, दिवा आणि डॉक्टर यांच्यावाचून गर्भाशयमुखाची पहिली तपासणी करून घेता येते.